झाकण काही बसेना

२ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार कागदावरच मानून घ्या, कारण प्रत्यक्षात माझी कंबर धरली आहे. दिवसभर खुर्चीत बसून प्लास्टिक वाकवणाऱ्या बाईची कंबर कशी धरते, हा टोमणा मी आधीच लिहून टाकते. तुमची शाई वाचेल.

सोबत गोळ्या मोजणाऱ्या यंत्राच्या झाकणाचं ड्रॉइंग आहे. एकास एक मापात छापलंय, म्हणून एवढी मोठी गुंडाळी. फोनवर आपल्या दोघींचं तिसऱ्या वाक्याला काय होतं ते सगळ्या घराला ठाऊक आहे. ह्यांच्याकडे निरोप द्यावा तर हे मिलिमीटरचा सेंटिमीटर करून पोचवतात. तेव्हा पत्रच बरं. ड्रॉइंगच्या नळीत माझं पत्र येईल, नमुन्याच्या खोक्यात तुमचं उत्तर घाला.

काम सोपं आहे. अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक शीट दोन ठिकाणी काटकोनात वाकवायची, की झाकण तयार. दोन्ही बाजूंना खाली भोकं आहेत, ती यंत्राच्या भोकांशी जुळली पाहिजेत. सॉफ्टवेअरमध्ये मी झाकण आधी वाकलेलं काढलं, मग बटण दाबून सपाट केलं. वाकताना कोपऱ्यात किती शीट जाते तो हिशेब सॉफ्टवेअर आपला आपण धरतं. तुम्ही फक्त रेघेवर वाकवा.

आता कडू बातमी. काल जेवताना ह्यांनी जाहीर केलं, की महिनाअखेर यंत्रवाल्यांचा तपासनीस तुमच्या कारखान्यात येणार. नमुना पास झाला तर वर्षभराचं काम, नापास झाला तर कारखान्याला कुलूप आणि ताई आपल्याकडे राहायला. सासूबाईंनी लगेच डोळे पुसले, आनंदाने. मीही हसले. तुमचं स्वागतच आहे.

तुमची भावजय

*

६ फेब्रुवारी

प्रिय कंप्युटरबाई,

आशीर्वाद. कंबरेला तेल लाव आणि अधूनमधून उठून उभी राहत जा, खुर्ची कुठे पळून जात नाही.

नमुना पाठवते आहे. झाकण सैल झालंय. यंत्रवाल्यांनी मापाला दिलेल्या सांगाड्यावर ठेवलं, तर थोरल्याचा शर्ट धाकट्याने घालावा तसं लोंबतं. भोकं तर एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. तुझ्या रेघेवर वाकवलंय, केसभरही इकडेतिकडे नाही. आमचे करवतकाका, म्हणजे शीट कापतात ते, ते साक्षीला आहेत. त्यांना दुरून कमी दिसतं, पण जवळून चांगलं दिसतं.

तू ते बटण दाबतेस ना, ते दाबताना कधी प्लास्टिकला हात लावलायस का? इथे रेघेखाली तार तापते, प्लास्टिक मऊ पडतं, मग ते लाकडी काटकोनावर दाबून गार होईपर्यंत धरून बसावं लागतं. मध्येच सोडलं तर ते परत उघडतं. यात कुठे बटण नाही. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

भावाने मला फोन केला होता. 'ताई, आता पुरे झालं, दमलीस,' म्हणाला. मी दमले हे त्याला तिकडे बसून कसं दिसलं देव जाणे. हा कारखाना वडिलांनी दोघांच्या नावावर केला. मी रोज तो उघडते आणि हा वर्षातून एकदा तो बंद करायचा विषय काढतो. तू हसलीस म्हणालीस. का हसलीस ते लिहायचं राहिलं वाटतं.

तुझी वन्सं

*

१० फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,

नमस्कार. तेल लावलं. वासाने मुलं शेजारी बसेनात, तेवढीच शांतता मिळाली.

नमुना पोचला. सॉफ्टवेअर चुकत नाही, वन्सं. ते आळशी नाही, चिडत नाही, आणि गार होण्याआधी कंटाळून हातही सोडत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच म्हणते आणि विषय संपवते. ड्रॉइंग पुन्हा पाठवते आहे. तेच आहे, कागद फक्त नवा. या वेळी नक्की बसेल, काळजी करू नका.

हसले कारण सगळे हसत होते. तेवढ्यात रडण्यासारखं काय होतं?

ह्यांनी तुमच्यासाठी मागची खोली रिकामी करायला काढली आहे. तिथली माझी शिलाईची मशीन व्हरांड्यात गेली.

तुमची भावजय

*

१४ फेब्रुवारी

कंप्युटरबाई,

आशीर्वाद देते, पण आज हात आखडता आहे.

या वेळी झाकण लहान झालं. सैल नाही, लहान! सांगाड्यावर चढेचना. काकांनी गुडघा लावून दाबलं तर कोपऱ्यात तडा गेला. तडकलेलंच पाठवते, बघ आणि हस. तेच ड्रॉइंग, तीच मी, तसंच वाकवलं. मग आधी मोठं आणि आता लहान कसं होतं? प्लास्टिकला ऋतू असतात का?

आता खरं सांगते. परवा एक माणूस आला. चपला न काढता, 'येऊ का' न विचारता आत शिरला आणि फीत काढून फरशी मोजायला लागला. मी विचारलं, कोण तुम्ही? म्हणाला, 'गोदामासाठी बघतोय, साहेबांनी पाठवलं.' साहेब म्हणजे तुझा नवरा. मी तापल्या तारेसमोर पट्टी धरून बसलेले, उठता येईना. त्याने माझ्या पायाखालची जागासुद्धा मोजली. 'जरा पाय उचला,' म्हणाला.

म्हणजे नमुना नापास होणार हे तिकडे आधीच ठरलंय. ज्याच्यावर सगळं ठरायचं ते ड्रॉइंग कोण काढतं? तू. एकदा मोठं काढायचं, एकदा लहान काढायचं, आणि 'तेच आहे' म्हणून लिहायचं. घरात सासूला सोबत, पोरांना बघायला फुकटचं माणूस. तुझं हसू आता मला कळलं.

वन्सं

*

१७ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,

नमस्कार घ्या किंवा परत पाठवा.

तुमचं पत्र वाचून मी इतकी चिडले, की तुमचे दोन्ही नमुने स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये घातले. जाळायला नव्हे. अ‍ॅक्रिलिकचं एक आहे, ते विसरत नाही. सगळंच्या सगळं तापवलं की वाकलेलं पुन्हा आपोआप सपाट होतं. झाकण लहानसं म्हणून ओव्हनमध्ये मावलं. घरभर वास सुटला, सासूबाई नाकाला पदर लावून 'काय शिजतंय गं' विचारत राहिल्या. मी म्हटलं, तुमच्या लेकीचं काम.

दोन्ही शीट सपाट झाल्यावर एकीवर एक ठेवल्या. तापवून थोड्या आकसतात, पण दोन्ही सारख्याच आकसणार. दुसरी शीट पहिलीपेक्षा सहा मिलिमीटर आखूड निघाली. आता इथे माझी पंचाईत आहे. तुम्हाला पकडायचं तर आधी मला स्वतःला पकडून द्यावं लागतंय. दुसरं ड्रॉइंग 'तेच' नव्हतं. पहिलं झाकण सैल झालं तेव्हा मी मनात म्हटलं, वन्संचा हात सुटतो, आणि त्या काही कबूल करणार नाहीत, आपणच सांभाळून घ्यावं. म्हणून मधून तीन मिलिमीटर कमी केले आणि गप्प बसले.

माझे तीन. मग बाकीचे तीन कोणाचे, वन्सं? काकांचे तर नसतील, त्यांना जवळून चांगलं दिसतं.

गोदामवाल्याचं मला काहीही माहीत नव्हतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, 'ओळखीचा आहे, सहज आला असेल.' सहज येणारा माणूस खिशात फीत घेऊन येत नाही. मी शोध घेते आहे.

दिवस थोडे राहिले. भांडण नंतर सावकाश करू, मी कुठे जात नाही. आधी एक करा. त्याच शीटची बरोबर दोनशे मिलिमीटरची एक पट्टी कापा, मधोमध काटकोनात वाकवा, गार होईपर्यंत धरा. मग दोन्ही बाजू बाहेरून मोजा आणि बेरीज कळवा. पट्टीही पाठवा. तुमच्या तारेवर, तुमच्या हातून, तुमच्या शीटचं काय होतं ते एकदा खरं कळू दे. आणि शपथ आहे, काही सांभाळून घेऊ नका.

तुमची भावजय

*

२० फेब्रुवारी

कंप्युटरबाईस,

आशीर्वाद, नेहमीएवढे.

बाकीचे तीन माझे. घे. तुझा कागद मधून कापला, पट्टी काढून टाकली आणि पुन्हा चिकटवला. मला वाटलं, हिला मोजता येत नाही आणि सांगायला गेलं तर रडेल, आपणच सांभाळून घ्यावं. एका भाजीत दोघींनी न सांगता मीठ घातलं आणि वर दोघी म्हणतो, खारट कशी झाली! आपल्या घरात ही खोडच आहे. माझी आई वडिलांचं चुकलं की गुपचूप सुधारायची आणि वडील आईचं. तोंडाने बोलायचं म्हणजे जणू अंगावर वीज पडते.

पट्टी वाकवली. बेरीज दोनशे सात आणि वर जरासं. तूच मोज. आणि आता विचारतेसच म्हणून सांगते, गेल्या महिन्यात इथली तार जळाली. तशीच मिळेना म्हणून जाड तार बसवली. ती रुंद पट्टा तापवते, त्यामुळे कोपरा पहिल्यासारखा टोकदार न येता गोल येतो. मला दिसत होतं, पण त्याने मापात फरक पडेल असं डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं वाकवते आहे, म्हणून वाटलं सगळं कळतं. नाही कळत.

ओव्हनची युक्ती बाकी चांगली होती. आईला सांग, तिच्या लेकीचं काम अजून कच्चं आहे.

आता माझं एक. तू सगळं लिहितेस, पण ज्याचं उत्तर मी मागते तेवढं वगळतेस. मी तिथे राहायला यावं असं तुला वाटतं की नाही? 'स्वागत आहे' वगैरे नको. ते दुकानाच्या पायपुसण्यावरही लिहिलेलं असतं. सरळ सांग.

वन्सं

*

२३ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,

नमस्कार.

आधी कामाचं. पट्टी मोजली, सॉफ्टवेअरच्या आकड्याशी ताडून बघितली आणि डोक्याला हात लावला. दर कोपऱ्याला दीड मिलिमीटरचा फरक, दोन कोपरे म्हणजे तीन. का, तर आमच्या ऑफिसात कायम पत्र्याची कामं, आणि सॉफ्टवेअरमध्ये पोलादी पत्र्याचे आकडे भरून ठेवलेले. कोपरा धारदार, वाक कडक. मी त्यात नुसतं 'अ‍ॅक्रिलिक' असं नाव लिहिलं. सॉफ्टवेअरला वाटलं पत्राच आहे, फक्त आरपार दिसतो. ते चुकत नाही असं मी म्हणाले होते. खरंच चुकलं नाही, मी सांगितलं ते त्याने इमानाने केलं. आता तुमच्या तारेचा गोल कोपरा आणि तुमच्या पट्टीचा आकडा भरून नवं ड्रॉइंग काढलंय. यातली एक रेघही मी हाताने हलवलेली नाही. तुम्हीही हलवू नका. कात्री काकांना कुलपात ठेवायला सांगा.

आता तुमच्या प्रश्नाचं.

काल हे सासूबाईंशी बोलत होते. मला वाटतं, मी ऐकते आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, 'ताई आली की तुला सोबत होईल, मुलांचे डबे होतील, हिला ऑफिसातून धावत यायला नको. गोदामवाल्याला मी शब्द दिलाय.' शब्द दिलाय, वन्सं. तपासनीस यायच्या आधी. सासूबाई म्हणाल्या, 'ताई करेल हो, तिला कुठे दुसरं काय आहे.'

खरं सांगते, ते ऐकून आधी मला बरं वाटलं. अख्खी दुपार मी मनातल्या मनात सोयी मांडत होते. संध्याकाळी घाई नाही, सुट्टीच्या दिवशी झोप, सासूबाईंची औषधं दुसऱ्या कोणीतरी द्यायची. मग तुमच्या पत्रातलं ते आठवलं, त्या माणसाने तुम्हाला पाय उचलायला सांगितले ते. तुम्ही इथे आलात तर तुमचं तेच होईल. रोज कोणीतरी प्रेमाने पाय उचलायला सांगेल. केर काढताना मीसुद्धा सांगेन. आणि तुम्ही उचलाल.

वन्सं, तुम्ही आमच्याकडे राहायला येऊ नका. तुमचा राग येतो म्हणून नव्हे, म्हणजे येतो, पण त्यासाठी नव्हे. नमुना नापास झाला तरी येऊ नका. तुमच्या भावाने कुलूप लावलं तर ते फोडा. तुमच्याही नावावर आहे कारखाना, अर्धं कुलूप तुमचं आहे. हे मी लिहिलं म्हणून घरात सांगितलंत तर मी साफ नाकारीन.

तुमची भावजय

*

२८ फेब्रुवारी

प्रिय भावजय,

अनेक उत्तम आशीर्वाद. हात मोकळा सोडून देते आहे.

झाकण बसलं.

सगळं नीट सांगते, कारण तुझा नवरा घरी येऊन भलतंच सांगेल. तपासनीस आले. भलंमोठं भिंग घेऊन फिरतात, म्हणून आम्ही त्यांचं नाव भिंगराव ठेवलंय. त्यांच्या मागोमाग माझा भाऊ आला, हातात नवंकोरं कुलूप, अजून वेष्टनातलं. त्याच्यामागे तो गोदामवाला. फीत या वेळीही होती. मी कोणालाच बसा म्हटलं नाही.

झाकण मी सांगाड्यावर ठेवलं नुसतं. दाबलं नाही. आपलं आपण खाली गेलं आणि टेकलं. काकांनी चारही स्क्रू बोटांनी फिरवले, पाना लागला नाही. भिंगराव भिंग लावून कोपरा बघतात, भोक बघतात, पुन्हा कोपरा बघतात. चूक सापडेना म्हणून माणूस कासावीस झाला. शेवटी म्हणाले, 'शीटवर बोटाचा ठसा आहे.' काकांनी फडक्याने पुसला. मग काही उरलंच नाही. वर्षभराचं काम द्यायचं कबूल केलं आणि आणखी दोन आकारांच्या झाकणांचं विचारलं.

गोदामवाल्याने फीत खिशात घातली. तुझा नवरा म्हणाला, 'बघ ताई, मी असा धाक घातला म्हणूनच तुम्ही दोघींनी काम मनावर घेतलंत.' मी म्हटलं, हो रे बाबा, आणि ते कुलूप इथेच ठेव, रात्री दाराला लागतं. ठेवून गेला. किल्ली विसरला नव्हता, पण मी मागून घेतली.

आता तुझ्या पत्राचं. ते मी तारेसमोर उभं राहून वाचलं आणि तिथेच रडले. काका धावत पाणी घेऊन आले, त्यांना वाटलं चटका बसला.

माझे हे वारले तेव्हापासून मला सगळे 'ये' म्हणतात. भाऊ म्हणतो ये, आई म्हणते ये, लांबलांबचे नातेवाईक लग्नाकार्यात हात धरून म्हणतात, ये गं, घर तुझंच आहे. प्रत्येकाकडे गेले की तासाभरात कोणीतरी हातात काहीतरी निवडायला, घासायला, सांभाळायला देतं. मला वाटायचं मीच वाईट, एवढ्या प्रेमाने बोलावतात आणि मला जावंसं वाटत नाही. 'येऊ नका' असं मला आजवर कोणीच म्हणालं नव्हतं. ज्या बाईला माझ्या येण्याने सगळ्यांत जास्त सुख मिळालं असतं, ती म्हणाली.

तुझ्यावर मी काय काय आरोप केले ते परत घेते. मोजता येत नाही असं म्हणाले होते तेही घेते. बाकीचे टोमणे ठेवते, ते खरे आहेत.

सुट्टी काढ आणि इकडे ये. सासूची औषधं, पोरांचे डबे माझ्या भावाला करू दे, त्याला हल्ली वेळ आहे. कामासाठी बोलावत नाही. नव्या झाकणांचं तू तिथूनही करशील. इथे निवांत बस, झोप, काही करू नकोस, मी तुला काही करू देणार नाही. आणि घर तुझंच आहे असं मी म्हणणार नाही. घर माझं आहे. तू ये.

तुझी वन्सं